विमानाला दिलेलं आवतण

आमच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही. होतं. माझ्या माहेरहून आलेलं, गजराचं, हिरव्या तबकडीचं. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत ह्यांनी त्याचं पोट फाडलं आणि आतलं यंत्र काढून विमानात बसवलं. तेव्हापासून आमच्याकडची वेळ कोंबड्यावर आणि जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, भोंग्यावर चालायची. शेजारणीनं किती वाजले विचारलं की मी सांगे, घड्याळ आहे हो, पण ते सध्या विमानाचे पाय ओढायच्या कामाला लागलं आहे.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत तेव्हा नव्हती, आणि आता या वयात घ्यावं म्हटलं तरी जीभ वळत नाही. हिंगणघाटच्या एका जिनात कापसाच्या हंगामापुरते ते फिटर असत. हंगाम संपला की मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली शेतात. घर वणा नदीच्या अलीकडे, गाव जिथं संपतं तिथं. घरात आम्ही चौघं आणि गोठ्यात बैलजोडी. मामाजींचा जीव त्या जोडीत. सासूबाई म्हणायच्या, माझ्या दुखण्याला यांनी कधी रात्र जागवली नाही, पण बैलानं चारा सोडला तर हे जेवण सोडतात.

लग्नाआधी एक उन्हाळा हे नागपूरच्या विमानतळावर मजुरीला गेले होते, धावपट्टीच्या डागडुजीला. बाकीचे मजूर विमान उडालं की पंख बघत, हे पाय बघत. जमीन सुटली की विमान चाकं पोटात घेतं आणि उतरायच्या आधी पुन्हा बाहेर काढतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात जी शिरली ती निघाली नाही. घरी आल्यावर त्यांनी बांबूच्या कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची लहान विमानं करायला सुरुवात केली. मग जरा मोठी. मग एकदा वर्ध्याच्या प्रदर्शनात त्यांनी एक नेलं, आणि तिथं नागपूरच्या विमानतळावरच्या वर्कशॉपचे एक साहेब भेटले. ते हिंगणघाटचे जावई. आमच्याच जिनाच्या हेडक्लार्कची मुलगी त्यांना दिलेली. साहेब विमानाकडे बघून म्हणाले, “उडवायला काय, शाळेतली पोरंही उडवतात. याचे पाय आत घेऊन बाहेर काढून दाखव. हाताने नाही, उडत असताना. दाखवलंस तर वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली घेतो. पोळ्याला सासरी येणार आहे, तेव्हा बघतो.” आणि आपल्याजवळचं एक जुनं, मुठीत मावेल एवढं इंजिन त्यांनी ह्यांना देऊन टाकलं.

झालं. घरात विमानच विमान. माझी खोली म्हणजे कारखाना. हे विमान इतकं मोठं की पंख काढल्याशिवाय दारातून बाहेर निघत नसे. सांगाडा बांबूचा आणि चहाच्या पेट्यांच्या फळ्यांचा, वरून माझ्या सासूबाईंच्या जुन्या मलमलीला खळ लावून चढवलेली. चाकं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. इंजिनला लागणारं तेल हे घरीच मिसळत, त्यात रॉकेल, एरंडेल आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणलेलं इथर. त्या वासानं माझं डोकं उठायचं. माहेरी कुणी विचारलं, सासर कसं आहे, तर काय सांगणार? एरंडेलासारखं आहे?

पण पायांचं काम बघायला बसलं की मलाही उठावंसं वाटत नसे, हे खरं सांगते. घड्याळाची कमान दोरी गुंडाळत जाई आणि दोन्ही पाय हळूहळू वर, पंखाखालच्या खोबणीत ओढून घेई. काही वेळानं एक खिट्टी सुटे. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पायांना खाली खेचून ताठ उभे करीत. एका पायाला एकच पट्टी, कारण वजन वाढवून चालत नव्हतं. पट्ट्या कापायचं काम माझं. एकदा मी न्हाऊन, केसांना तेल लावून कापायला बसले, तर ह्यांनी माझ्या हातातून ट्यूबच काढून घेतली.

“रबराले तेलाचा हात लावजो नको वं. तेल लागलं का रबर मऊ पडते, मंग गाठ सरकते.”

आणि मला राखेनं हात धुवायला पाठवलं. नव्या नवरीला असं कुणी धुवायला पाठवतं का? मी दोन दिवस धड बोलले नाही. पण शिकले ते कायमचं शिकले. आजही मी कुकरची रिंग लावताना हात पुसते.

मामाजींना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. त्यांना एकुलता एक मुलगा, आणि तो नागपूरला जायचं म्हणतो. ते ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडतो, मामाजी गप्प बसत. शेवटी एका संध्याकाळी जेवता जेवता त्यांनी आपला निकाल सांगितला.

“हे विमान पाय काढून आपल्या पायावर उभं राह्यलं तर जाजो नागपूरले. म्या आडवा येत नाई. नाकावर पडलं तर माह्या संगं वखर धरजो, अन् पुन्हा हे नाव काढजो नको.”

“कबूल,” हे म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. पण त्या निकालात मीही होते ना. मला नागपूर हवं होतं. खोटं कशाला बोलू? दोन खोल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्या माझ्या असत्या. रात्रीच्या टपालाची विमानं नागपूरकडे जाताना आमच्या छपरावरून घुमत जायची, तेव्हा मी पडल्या पडल्या कुठं मोरी आणि कुठं चूल ते ठरवून ठेवलेलं होतं. आणि हे सगळं पांगाऱ्याच्या दोन चाकांवर उभं होतं.

पोळ्याच्या चार-सहा दिवस आधी एक गोष्ट घडली. हे शेतात होते. मामाजी काहीतरी शोधायला खोलीत आले आणि विमानाशी थबकले. पाय आत घेतलेले होते. मामाजींनी ते दोन्ही हातांनी उचललं, कोवळं वासरू उचलावं तसं, आणि नेमकी त्याच वेळी खिट्टी सुटली. खट्ट करून दोन्ही पाय बाहेर आले. मामाजी दचकले. मग त्यांनी विमान हळूच जमिनीवर ठेवलं. ते उभं राहिलं. मामाजी उकिडवे बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. एका बोटानं त्यांनी त्याला मागून जरा ढकललं, ते पुढं गेलं. मी दारामागं होते. मामाजी हसत होते. माझ्या लग्नात हा माणूस हसला नव्हता.

म्हणजे आता विमान पडलं तरी मामाजी नको म्हणणार नाहीत, असं मला त्या दिवशी वाटून गेलं. मी ह्यांना तसं सांगितलंही. हे म्हणाले, “पडणारच नाई, तर कायचं बोलतं?”

उडवायचं ठरलं पोळ्याच्या सकाळी, कारण दुपारनंतर साहेबांना सासऱ्यांच्या घरचं जेवण आणि संध्याकाळी गावाचे बैल तोरणाखाली जमायचे. गावातल्या एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली की पोळ्याच्या दिवशी कुणाला जुंपत नसतात. मामाजी म्हणाले, “ते काय बैल हाये का?” सगळे हसले, विषय संपला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्या दिवशी बैल नदीवर धुऊन आणायचे, खांद्याला लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं चोळायचं, आणि त्यांच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन म्हणजे आमंत्रण. ते घरच्या कर्त्यानंच द्यायचं. त्या संध्याकाळी हे साहेबांच्या सासुरवाडीला सकाळची वेळ पक्की करायला गेले होते. मी पुरणाची डाळ निवडत चुलीपाशी. मामाजी गोठ्यातून आले आणि सासूबाईंना म्हणाले, अजून थोडं लोणी दे. सासूबाईंनी दिलं. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. बैल दोन, खांदे मोठे, लोणी लागतंच.

सकाळी जिनाच्या आवारात गाव लोटलं होतं. हंगामात तिथं कापसाचे ढीग असतात, तेव्हा ते रिकामं होतं, फरशी नुसती धुऊन निघालेली. बायका भिंतीशी, डोक्यावर पदर घेऊन. मी आणि सासूबाई त्यांच्यात. समोर खुर्चीवर साहेब, बाजूला हेडक्लार्क. मामाजी नवं धोतर आणि पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत. ह्यांनी विमान खाली ठेवलं, घड्याळाला किल्ली दिली, पाय एकदा आत घेऊन दाखवले, एकदा बाहेर काढून दाखवले. दोन्ही वेळा बरोबर झालं. साहेबांनी मान हलवली. मग ह्यांनी इंजिन सुरू केलं आणि हात सोडला.

त्या विमानाला ना तार होती ना दोरी. सुकाणू जरासं वळवून ठेवलेलं, म्हणून ते आवाराभोवती गोल फिरणार, टाकीतलं तेल संपलं की घिरट्या घालत उतरणार. हात सुटला की सुटला. मग करणाऱ्याचंही त्यावर काही चालत नाही, तोही बाकीच्यांसारखा मान वर करून उभा. फरशीवरून ते धावलं, उचललं गेलं, आणि जिनाच्या पत्र्यांच्या वर गेलं. पोरं किंचाळली. मग घड्याळानं आपलं काम केलं. दोन्ही पाय हळूहळू पोटात गेले. साहेब खुर्चीवरून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नागपूरची चूल मला अगदी समोर दिसत होती.

सासूबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं. त्यांचा चेहरा अभिमानानं फुललेला.

“तुले सांगतलं नाई सूनबाई. काल बैलाइचं झाल्यावर तुह्या मामाजीनं विमानाचेबी खांदे शेकले. पाय जिथं जुळते ना, तिथं आतून. लोणी-हळद लावली, मंग धोतरानं पुसून देल्लं. आवतनबी देल्लं त्याले. म्हने, उद्या त्याले जुंपाचं हाये, खांदे मोकळे पाह्यजेत.”

पाय जिथं जुळतात, तिथंच त्या रबराच्या गाठी. रात्रभर लोण्यात. सकाळी दोनदा ओढल्यावर त्यांनी कशीबशी कळ काढली असेल. मी वर बघितलं. विमान निवांत फिरत होतं. मला धावत जाऊन ह्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगून काय होणार होतं? ते शिडीवर चढून गाठ बांधणार होते? मी सासूबाईंचा हात धरला. त्यांना वाटलं मला आनंद झाला, त्यांनीही माझा दाबला.

इंजिन थांबलं. एकदम शांतता झाली. विमान घिरट्या घालत खाली यायला लागलं. खिट्टी सुटली, उजवा पाय ताठ बाहेर आला. लोक ओरडले. डावा आला नाही. त्या खोबणीतून रबराची पट्टी तेवढी लोंबायला लागली, वाऱ्यावर हलत होती. हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकले, जणू खालून बघितलं तर तो येईल. पहिल्या रांगेतून मामाजींचा आवाज आला, “काढ बाप्पा, काढ रे पाय.” बैलाला चिखलातून काढताना बोलतात तसा. सगळं आवार त्या एका पायाची वाट बघत होतं आणि आमच्यापैकी कुणाच्याही हातात काही नव्हतं.

ते एका पायावर टेकलं, क्षणभर धावलं, डावीकडं कललं, पंख फरशीला लागला आणि ते गरकन फिरून नाकावर पडलं.

हे तिथपर्यंत पोचायच्या आत मामाजी साहेबांपुढं पोचले होते. टोपी काढून हातात घेतलेली. आयुष्यात ते कुणापुढं असे उभे राहिलेले मी बघितले नव्हते. ते विमान काय आहे हे त्यांना कळत नसेल, पण लोंबणारी ओशट पट्टी त्यांनी पाहिली होती आणि आपण तिथं काय लावलं होतं तेही त्यांना ठाऊक होतं.

“साहेब, चुकी माही हाये. पोराची नाई. काल म्या त्याचे खांदे शेकले. लोणी लावलं.”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामाजींच्या पाठीवर हात ठेवला. “बाबा, बापाचं मन आहे, समजतो मी. पोरासाठी बाप असंच बोलणार.”

“नाई जी, खरंच लावलं. आवतन देल्लं म्या त्याले!”

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, बुढ्यानं विमानाले आवतन देल्लं!” आणि हशा पिकला. एकदा पिकला की गावात हशा थांबतो का? त्या हरकत घेणाऱ्या म्हाताऱ्यानं तर मामाजींचंच वाक्य त्यांच्या अंगावर टाकलं, “ते काय बैल हाये का?” मामाजी टोपी हातात चुरगाळत गोल वळून सगळ्यांकडे बघायला लागले, जणू कुणीतरी साक्षीला येईल. साक्षीला मी होते, सासूबाई होत्या, पदराच्या आत. भर सभेत परपुरुषांपुढं सुनेनं तोंड उघडायचं आणि तेही सासऱ्याची चूक सिद्ध करायला? सासूबाईंनी तर पदर आणखी पुढं ओढला.

हे विमानापाशी बसलेले. त्यांनी डाव्या खोबणीत बोट घातलं, नाकाशी नेलं. मी इतक्या लांबूनही ओळखलं की त्यांना वास कळला. आता हे ते बोट साहेबांपुढं धरतील, मी मनात म्हटलं, धरा, धरा. त्यांनी वर मान करून बापाकडे बघितलं, मग हसणाऱ्या लोकांकडे. आणि बोट धोतराला पुसलं.

“बाबाचा काई संबंध नाई, साहेब,” ते म्हणाले. “गाठ माहीच ढिली राह्यली.”

साहेब हळहळले. म्हणाले, उडालं मात्र झकास. जागा काही तशीच राहायची नाही, भरावी लागेल, पुढं कधी निघाली तर बघू. मग हेडक्लार्कनं घाई केली आणि ते जेवायला गेले.

दुपारभर मी पुरण वाटलं. पाट्यावर इतका जोर काढला की सासूबाई म्हणाल्या, पाटा फुटेल. मला मामाजींचा राग आला होता, आणि ह्यांचा त्याहून जास्त. बापाचं नाक राखलंत, आणि माझं काय? पण ते मी पुरणालाच सांगितलं. हे मागच्या अंगणात बसून होते. मामाजी गोठ्यात. घरात माणसं चार आणि आवाज फक्त पाट्याचा.

संध्याकाळी तोरणाखालून बैल परत आले. मामाजींनी जोडी दारात उभी केली. मी तांब्या घेऊन बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी भरवली. ताट उचलून आत जायला वळले, तर मामाजी म्हणाले, “थांब वं सूनबाई.”

ते खोलीत गेले आणि विमान घेऊन आले. एक पंख मोडलेला, मलमल फाटलेली. ते त्यांनी बैलांच्या शेजारी ठेवलं. ते उभं राहीना, डावीकडं कलत होतं, म्हणून त्यांनी पंखाखाली हात दिला आणि तसेच वाकून राहिले.

“काल आवतन देल्लं होतं त्याले,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “देल्लेलं आवतन मोडता येत नाई.”

रस्त्यावरून लोक आपापले बैल घेऊन जात होते. कुणी हसलं असेल, नसेल, मी पाहिलं नाही. मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी तांब्या घेतला आणि त्या एका चाकावर पाणी घातलं.

हे मागच्या अंगणातून कधी आले कळलं नाही. ते खाली बसले, खोबणीत हात घातला आणि डावा पाय हातानं ओढून बाहेर काढला. सोडला असता तर पुन्हा आत गेला असता, म्हणून धरून राहिले. एका बाजूला बाप, एका बाजूला लेक, मध्ये ते विमान उभं राहिलं.

“याच्यावरबी घाल,” हे म्हणाले.

मी त्याच्यावरही पाणी घातलं.